समेट घडवायला आलेली चार माणसं

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी समेट घडवायला चार माणसं आली, तेव्हा त्यांच्यासाठी चहा तिनेच केला. उजवा हात बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. डाव्या हाताने तिने पातेलं उतरवलं, डाव्या हाताने गाळलं, आणि ट्रे धरता येईना म्हणून एकेक कप घेऊन चार खेपा घातल्या. चौघांपैकी एकही उठला नाही. एकाने साखर कमी असल्याचं सांगितलं, तशी ती पुन्हा आत गेली. मी तिथेच, तिच्या नवऱ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. मीही उठले नाही. माझा राग पुष्कळ जणांवर आहे, पण यादीत पहिलं नाव माझंच घालायला हवं.

मस्कतला येऊन मला एकवीस वर्षं झाली. त्यातली बारा मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवलं. मग शाळेला समुपदेशक हवासा वाटू लागला. मुलं माझ्याशी बोलतात, एवढ्या पात्रतेवर मला एक अभ्यासक्रम करायला लावला आणि तळमजल्यावरची खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून दिली. त्या खोलीला अजून रबरी चेंडूंचा वास येतो. तिथे आई-वडील येतात, भांडतात, रडतात, एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलतात. माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मला त्याचं घर कळतं, असं मी एकदा शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. माझी बहीण मस्कतमधल्याच रुवी भागात माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहत होती, आणि तिचं घर मला चौदा वर्षं कळलं नव्हतं.

तिचं लग्न मीच जमवलेलं. मुलगा रत्नागिरीकडचा, निर्व्यसनी, बोलायला मऊ. पुढे तो दुक्मला एका मोठ्या प्रकल्पावर सेफ्टी ऑफिसर झाला. रोज सकाळी कामगारांना रांगेत उभं करून तो सांगायचा, की अपघात अचानक होत नसतो. आधी बारीकसारीक चुका होतात, कुणीतरी त्या बघितलेल्या असतात आणि कुणीच बोललेलं नसतं. हे त्याने एकदा माझ्याच घरी जेवताना सांगितलं होतं. मी त्याला आणखी एक पोळी वाढली होती.

दुक्म लांब. तो एक आठवडा सोडून बुधवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी दुपारी परत निघायचा. तेरा वर्षांची भाची माझ्याच शाळेत आठवीत होती. तिच्या वर्गशिक्षिकेने एक दिवस मला गाठलं. म्हणाली, “तुमच्या भाचीचा डबा काही गुरुवारी तसाच परत जातो. सगळ्याच नाही, एक सोडून एक.” तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला खोलीत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवावं लागलं, मग लागला.

मी भाचीला बोलावलं. ती मावशीच्या घरी जशी बसते तशी बसली नाही, खुर्चीच्या कडेला टेकली. बराच वेळ ती रबरी चेंडूंच्या जुन्या जाळीकडे बघत राहिली. मग इंग्रजीत म्हणाली, “पप्पा दुक्मला असले की आम्ही जोरात हसतो.” एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही. इथवर मी बरोबर होते.

त्यानंतर मी एकामागून एक चुका केल्या, आणि त्या सगळ्या मी दुसऱ्यांना करू नका म्हणून शिकवलेल्या आहेत.

त्याच संध्याकाळी मी बहिणीकडे गेले आणि दारातच विचारलं, “तो मारतो का तुला?”

ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, तुला शाळेत बसून बसून सगळ्यांचीच घरं मोडलेली दिसायला लागलीयत.”

मला अपमान वाटला. खरंच, त्या क्षणी मला तिची काळजी वाटण्याआधी माझा अपमान वाटला. मी घरी आले आणि चिपळूणला आईला फोन लावला. आई सगळं ऐकून म्हणाली, “पुरुषमाणूस आहे गो. त्या वाळवंटात दिवस काढतो. घरी आल्यावर जरा आवाज चढायचाच. तू त्यात काडी घालू नको.” म्हणजे आईला माहीत होतं. बहिणीने कधीतरी तिला सांगितलं होतं आणि हेच उत्तर घेऊन ती गप्प बसली होती. मी फोन ठेवला नाही, आपटला.

पुढच्या खेपेला तो आला आणि गेला, आणि रविवारी बहिणीचं मनगट मोडल्याचं कळलं. बाथरूममध्ये घसरले, असं ती म्हणाली. भाची माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “बाथरूम कोरडं होतं, मावशी.”

मी रागारागाने माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस आहे. भल्या माणसाला जे सुचतं ते त्याने केलं. मला न विचारता तो मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष इथे तीस वर्षं आहेत. कुणाचा मृतदेह गावी पाठवायचा असो, कुणाची नोकरी गेलेली असो, माणूस आधी त्यांच्याकडे जातो, आणि ते धावतातही. त्यामुळे कुणाचं घर फाटलं तर तेही आपल्यालाच शिवता येतं, अशी त्यांची खात्री झालेली आहे. त्यांनी तिघांना बरोबर घेतलं आणि बहिणीचा नवरा मस्कतला असताना शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बैठक ठरवली.

“तू थांबव हे,” मी नवऱ्याला म्हणाले. “मारणारा आणि मार खाणारी, दोघांना एका खोलीत बसवून बोलतं करायचं नसतं.”

“अगं, चार मोठी माणसं बोलली तर तो वरमेल तरी. काहीच न करण्यापेक्षा बरं नाही का?”

नाही. बरं नाही. पण मला तेव्हा ते ठामपणे म्हणता आलं नाही. मनात कुठेतरी वाटत होतं, वरमलाच तर?

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “आपण दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेऊ.” आणि पहिली बाजू त्याची ऐकली. तो खूप वेळ बोलला. साइटवरचं ऊन, वरिष्ठांची बोलणी, कंटेनरमधली खोली, साडेपाच-सहा तासांचा रस्ता, आणि घरी यावं तर बायकोचं लक्ष नाही, मुलगी तोंड फिरवून बसते, बाहेरची माणसं कान भरतात. ‘बाहेरची’ म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला ते पाणी खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याला स्वतःची खरोखरच कीव येत होती.

मग अध्यक्ष बहिणीकडे वळले. “बोल बाळ. घाबरू नकोस. आम्ही तुझ्या वडिलांसारखे आहोत.”

तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. ती प्लॅस्टरच्या कडेचा निघालेला धागा ओढत म्हणाली, “माझंही चुकतं कधीकधी.”

चौघांनी सुटकेचा श्वास सोडला. मी तो अक्षरशः ऐकला.

“मुलीलाही विचारू,” त्यांतला एकजण म्हणाला. “मुलं खोटं बोलत नाहीत.”

भाचीला आतून बोलावलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पप्पा कसे आहेत, असं तिला विचारण्यात आलं, पप्पांच्या समोर. आणि त्या मुलीने, त्या खोलीतल्या आम्हा मोठ्या माणसांत नव्हतं ते धैर्य दाखवलं. म्हणाली, “ही डझन्ट स्टॉप व्हेन शी क्राइज.”

अध्यक्ष हसले. “अगं, मराठीत सांग की! मराठी माणसांच्या घरात इंग्रजी कशाला?”

ती गोंधळली. शब्द शोधायला लागली. “आई रडते... तरी तो थांबत नाही.”

“‘तो’ नाही गं,” अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. “‘ते’. वडिलांना ‘ते’ म्हणायचं. ‘ते थांबत नाहीत.’”

दोघं-तिघं हसले. आमच्या मुलांचं मराठी, या विषयावर मग थोडं बोलणं झालं. कुणाचा तरी नातू आजीला ‘तू येतोस का’ म्हणतो, त्याची गंमत सांगून झाली. भाचीने तोंड मिटलं. ती आत गेली आणि दार लावलं. तिने काय सांगितलं, ते त्या खोलीत कुणीच ऐकलं नाही. व्याकरण मात्र सगळ्यांनी ऐकलं.

मी तेव्हा उठून ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. मी पाणी प्यायले.

शेवटी एक कागद झाला. पती रागावर ताबा ठेवील. पत्नी त्याला राग येईल असं वागणार नाही. दोघं दर महिन्याला अध्यक्षांना भेटतील. खाली सह्या. साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्याची आणि माझी. मी सही केली. समुपदेशक म्हणून नाही, बहीण म्हणून केली, असं मी स्वतःला समजावलं. बहीण म्हणून तर मुळीच करायला नको होती.

जाताना अध्यक्ष मला म्हणाले, “बघा ताई, तुमच्या त्या कोर्सपेक्षा आपली जुनी पद्धत काय वाईट?”

पंधरा दिवसांनी, त्याची पुढची खेप होऊन गेल्यावर, भाची शाळेत केस मोकळे सोडून आली. आमच्याकडे वेणी सक्तीची आहे. वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं. मी केस बाजूला केले. डावा कान पाळीपासून आतपर्यंत लालनिळा झालेला. बैठकीत जे बोलली त्याची ती शिक्षा होती. याआधी त्याने मुलीला कधी हात लावला नव्हता. त्या कानापर्यंतची वाट त्याला आम्ही सहाजणांनी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, चांगल्या हेतूने मोकळी करून दिली होती.

मी एका दुसऱ्या शाळेतल्या समुपदेशक बाईंना फोन केला. गोव्याच्या, साठीच्या घरातल्या, कमी बोलणाऱ्या. मी रडत, शिव्या देत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तू तिची बहीण आहेस. बहिणीने समुपदेशन करायचं नसतं. तू बहिणीचं काम कर.”

“म्हणजे काय करू?”

“एक कपाट रिकामं कर.”

तोवर प्लॅस्टर निघालं होतं आणि मनगटाच्या व्यायामासाठी बहिणीला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जावं लागे. नवऱ्याचा त्याला नकार नव्हता. फोनवर तो विचारायचा, व्यायाम नीट करतेस ना? तिला एकटीने जाता येईल अशी तेवढी एकच जागा होती. तिथल्या बाकावर गोव्याच्या बाई तिच्याशेजारी जाऊन बसू लागल्या. मी लांब, पाण्याच्या मशीनपाशी. त्या तिला काही समजावत नव्हत्या. सोड असंही म्हणत नव्हत्या, राहा असंही नाही. बहीण एक मऊ चेंडू दाबत असायची आणि बाई विचारायच्या, गेल्या आठवड्यात कसं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बहीण हिंदीत बोलायला लागली. मोडक्या हिंदीत तिने त्या परक्या बाईला चौदा वर्षं सांगितली. मला मराठीत एक वाक्य सांगितलं नव्हतं. मी पाण्याचा कागदी ग्लास चुरगाळून टाकला. हेवा वाटला, शरम वाटली, आणि मग कळलं, की मला सांगणं म्हणजे आईला कळणं, माझ्या नवऱ्याला कळणं, चौघांना कळणं. तिने गप्प राहून स्वतःला सांभाळलं होतं, आणि मी त्याला तिचा भिडस्तपणा समजले होते.

मग एकेक गोष्ट जमवली. मायलेकींचे पासपोर्ट त्याच्या कुलपात होते. पुढच्या वर्षीच्या नोंदणीसाठी मुलीचा आणि आईचा मूळ पासपोर्ट शाळेत तपासायचा आहे, असं मी त्याला कळवलं. नोकरीत मी ठरवून केलेलं हे एकमेव खोटं, आणि त्याचा मला एक क्षणही पश्चात्ताप नाही. नियमांचा माणूस तो, लगेच काढून दिले. ते माझ्या रिकाम्या कपाटात गेले. मागोमाग भाचीची दोन पुस्तकं, बहिणीचं प्रमाणपत्र, कपड्यांची एक पिशवी. लग्नाआधी ती चिपळूणच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती, हे मी जवळजवळ विसरले होते. आणि एक खूण ठरली. भाचीने मला मेसेज करायचा, “मावशी, विरजण आहे का?”

तो मेसेज एका शुक्रवारी दुपारी साडेतीनला आला. मी वाळलेले कपडे काढत होते. नवऱ्याला म्हणाले, “गाडीची किल्ली घे.” तो किल्ली घेऊन जिना उतरू लागला.

दार त्याने उघडलं. आंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट, तोच मऊ आवाज. “या ना ताई. अचानक?”

त्याच्यामागे फरशीवर भात सांडला होता. बहीण ओट्याला टेकून उभी होती, पदर तोंडाशी, पदराला रक्त. भाची बूट घालून, दप्तर पाठीला लावून तयार होती.

त्याच्याशी वाद घालायचा नाही, एवढं मी घोकून आले होते. मी बहिणीकडे बघून फक्त म्हणाले, “चल.”

“ताई, ही आमची घरातली बाब आहे,” तो म्हणाला. “आणि त्या कागदावर तुमचीही सही आहे.”

सही होतीच. माझा नवरा माझ्या बाजूने पुढे झाला. रांगेत घुसणाऱ्यालाही न बोलणारा माणूस. तो बहिणीच्या नवऱ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाजूला व्हा.” बहीण आणि भाची त्याच्या पाठीमागून बाहेर पडल्या. बहिणीच्या पायात चप्पल नव्हती. जिन्यापर्यंत ठीक होतं, बाहेरचा डांबरी रस्ता मे महिन्यातला होता. माझ्या नवऱ्याने आपल्या चपला काढून तिला दिल्या आणि तो गाडीपर्यंत उड्या मारत गेला.

दवाखान्यात ओमानी डॉक्टरबाई होत्या, वयाने बहिणीपेक्षा लहान. त्यांनी बहिणीचा ओठ बघितला, जुनं मोडलेलं मनगट बघितलं, आणि पहिलं काम काय केलं, तर आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. एका नर्सला दुभाषी म्हणून ठेवलं आणि बहिणीला एकटीला विचारलं. दोन मिनिटांचं काम. चार मोठ्या माणसांना आणि एका प्रशिक्षित बाईला जे सुचलं नाही ते. बहिणीने खरं सांगितलं. ते कागदावर आलं.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. पुन्हा बैठक लावू, तो पश्चात्तापाने खचलाय, कामावर कळलं तर नोकरीला धोका आहे, एक संधी द्यायला हवी. मी उत्तर देणार एवढ्यात बहिणीने माझ्या हातातून फोन घेतला.

“काका, मी बसणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांच्याबरोबर बसा. आणि त्यांना विचारा, एवढी वर्षं साइटवर आहेत, ऊन आहे, साहेब बोलतात, कामगार ऐकत नाहीत. तिथे कुणावर एकदा तरी हात उचललाय का? नाही ना? मग ताबा आहे त्यांना. चांगला ताबा आहे.”

तिने फोन मला परत दिला आणि भाजी चिरायला बसली. मला अभ्यासक्रमाच्या जाडजूड पुस्तकातून जे नीट उमगलं नव्हतं, ते तिने भाजी चिरता चिरता सांगून टाकलं.

मायलेकी जूनमध्ये चिपळूणला आईकडे गेल्या. त्यांना जाऊ देण्यासाठी लागतील त्या कागदांवर त्याने सह्या केल्या. लाज वाटली म्हणून नाही, डॉक्टरचा कागद आमच्याकडे होता म्हणून. आईने दारात विचारलं, “लोकांनी विचारलं तर काय सांगू?” बहीण म्हणाली, “सांग, मीच मोडलं.” महिनाभर आई तिच्याशी धड बोलली नाही. मी इथून फोनवर आईशी भांडले, मग मीही बोलणं टाकलं. बहिणीने तिथेच शहरात एक वेगळी खोली घेतली. लॅबमध्ये तिला पुन्हा नव्याने शिकावं लागलं. मनगट पूर्ण वळत नाही. भाचीला नव्या शाळेत पहिले काही महिने कुणी जवळ केलं नाही. अजून दार वाजलं की ती आधी बूट शोधते. सुखी शेवट कुणाला हवा असेल तर माझ्याकडे नाही. दोघी जेवतात, झोपतात, आठवड्यातून एकदा मोठ्याने भांडतात, आणि भांडण झाल्यावर कुणालाही काही होत नाही.

तो दुक्मलाच आहे. सणासमारंभाला मस्कतला येतो. लोक हळहळतात, बिचारा एकटा पडला. माझ्याकडे बघून आवाज खाली करतात. आता मी तिथून उठून जात नाही. समोर बसून राहते, त्यांना आवाज खाली करावा लागावा म्हणून.

गेल्या महिन्यात अध्यक्षांनी मला पुन्हा फोन केला. सोहारकडचं एक कुटुंब आहे, म्हणाले, प्रकरण जरा हाताबाहेर चाललंय, बैठक लावतोय, या वेळी तुम्ही सुरुवातीपासून बसा. आवाजात आदर होता, आणि मला वाटतं, थोडी अपराधी भावनाही.

“बैठक नको,” मी म्हणाले. “मला फक्त त्या बाईचा नंबर द्या. आणि मी फोन करणार आहे हे तिच्या नवऱ्याला सांगू नका.”

“पण ताई, दोन्ही बाजू ऐकायला नकोत का?”

“ऐका ना. वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरात. आणि आधी तिची. तिने काय सांगितलं ते त्याला कधीच कळता कामा नये.”

पलीकडे त्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक भाव विचारत होतं.

“विचार करून सांगतो, इन्शाल्ला,” ते म्हणाले.

इथे इन्शाल्ला कधी हो असतं आणि कधी नाही, हे एकवीस वर्षांत मला कळायला लागलंय. मी त्यांच्या फोनची वाट पाहिली नाही. त्या भागातल्या शाळेत एक समुपदेशक आहे, तिला मी दुसऱ्याच दिवशी विचारलं, तुमच्याकडे असं एखादं मूल आहे का, ज्याचा डबा काही ठरावीक दिवशी तसाच परत जातो. ती म्हणाली, दोन आहेत.